चिपचा जाहीर सत्कार

माझ्या कपाटात एक अख्खा कप्पा शालींचा आहे आणि त्यातली एकही शाल मी विकत घेतलेली नाही. पंचवीसएक वर्षं झाशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं, तर दर सेमिनारला, दर वर्कशॉपला, दर 'राष्ट्रीय संगोष्ठी'ला एक शाल, एक नारळ आणि एक स्मृतिचिन्ह पदरात पडलं. नारळाची चटणी होते, स्मृतिचिन्ह माळ्यावर जातं, शाल मात्र राहते. पॉलिएस्टरची असते मेली, पश्मिन्याचं सोंग आणलेली. जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी होते की ती अंगावरून ओढली की चटचट वाजते, केस उभे राहतात आणि मग दाराच्या कडीला हात लावावा तर बोटाला झटका बसतो. नवरा म्हणतो, "तुझ्या विद्वत्तेचा करंट आहे तो." तो सरकारी कारखान्यात ट्रान्स्फॉर्मर बनवतो, त्यासाठीच नाशिकहून इथे आला. त्याला मोठमोठ्या व्होल्टेजचं कौतुक. माझं सगळं आयुष्य एका व्होल्टच्या आत गेलं.

माझं माहेर झाशीचंच. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवाल्याशी बुंदेली, असं आमचं तीन मजली बोलणं. नातेवाइकांना मी नेमकं काय करते ते कुठल्याच भाषेत कळलेलं नाही. लग्नकार्यात भेटले की आपला बंद पडलेला मोबाइल माझ्या हातात देतात.

तर मी काय करते ते एकदा सांगून टाकते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. उघडला की वीज वाहते, बंद केला की थांबते. पण नळ जितका लहान करावा तितका तो बंद असतानाही गळायला लागतो, आणि आता तो इतका लहान झालाय की त्याचा पडदा मोजक्याच अणूंच्या जाडीचा उरलाय. मी आयुष्यभर ही गळती मोजली. मोजली म्हणते खरी, पण तीही कॉम्प्युटरवर. कारण आमच्या 'नॅनो इलेक्ट्रॉनिक्स उत्कृष्टता केंद्रा'त काय आहे, तर बाहेर संगमरवरी कोनशिला, आत दहाबारा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक यूपीएस, जो लाइट गेली की आधी स्वतः बंद पडतो. कोनशिलेचं अनावरण दोनदा झालंय. दुसऱ्यांदा का, ते मी विचारलं नव्हतं, कारण त्याही वेळी शाल मिळाली होती.

माझ्याकडे एक मुलगी पीएच.डी. करत होती. इथल्याच नगरा मोहल्ल्यातली, मराठी घरातली. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर नेहमी हिंदीत. मी म्हणायची, "अगं, जेवलीस का?" ती म्हणायची, "जी मॅडम, खा लिया." पाच वर्षं आमचं असं चाललं आणि कुणाचंच काही अडलं नाही. पोरगी गप्प, पण डोकं असं की मला कधी कधी तिचा हेवा वाटायचा. तिने गळती जवळजवळ थांबवणारं एक सर्किट काढलं होतं.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडे गेला आणि परत आला. त्यांनी लिहिलं होतं, कॉम्प्युटरवर सगळं छान आहे, पण खऱ्या चिपवर प्रत्यक्ष मोजलेला एक तरी आलेख दाखवा, नाहीतर मी पास करणार नाही. मला राग आला आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, बरोबर बोलतोय की माणूस! युनिव्हर्सिटीने शेवटची मुदतवाढ दिली, जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर नाव कट, पाच वर्षं पाण्यात. तिचे वडील मला भेटायला आले, पाटीसारखे ताठ बसले आणि जुन्या मराठीत म्हणाले, "बाई, जानेवारीपर्यंत आम्ही थांबतो. मग हिला बी.एड.ला घालतो. वर्कशॉपात मला विचारतात मुलगी काय करते, मी काय सांगू? नळ गळतो म्हणून सांगू?"

चिप झाशीत बनत नाही. ती परदेशातल्या कारखान्यात पाठवावी लागते, तीही शेअर टेम्पोसारखी. एकाच तबकडीवर पन्नास जणांच्या चिपा दाटीवाटीने बसतात आणि टेम्पो भरला की सुटतो. आमची फेरी सुटली उशिरा, आली त्याहून उशिरा. जानेवारीच्या मध्यावर एक छोटी डबी आली. आत चकचकीत पिशवी, तिच्यात काळा फोम, फोमवर चार चिपा. वरचं कवच अंगठ्याच्या नखाएवढं, आतली खरी चिप मोहरीएवढी. मुलगी बराच वेळ नुसती बघत बसली. मला भरून आलं, म्हणून मी तिला ओरडले की पिशवी बंद कर.

ओरडायला कारणही होतं. बाजारातल्या चिपला प्रत्येक पायाशी, म्हणजे पिनेशी, एक राखणदार असतो, बाहेरून ठिणगी आली तर ती तो अंगावर घेतो. पण हा राखणदार स्वतःच थोडा गळतो, आणि आम्हाला तर गळतीच मोजायची होती. म्हणून मुलीने ते राखणदार काढून टाकले होते. चिप अगदी उघडी होती. आपल्या बोटाला जाणवणारही नाही एवढी ठिणगी तिचा जीव घ्यायला पुरेशी. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतंच, ते ग्वाल्हेरच्या एका संस्थेकडून उसनं येणार होतं, सोमवारी. तोवर चिपा पिशवीत, पिशवी डबीत, डबी माझ्या लोखंडी कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

आणि तेवढ्यात डायरेक्टर साहेबांना कळलं.

साहेब मूळचे सिव्हिलचे. जे ट्रकातून उतरत नाही तेही उपकरण असतं, असं त्यांना मनापासून कधी वाटलंच नाही. पण पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि समितीला दाखवायला त्यांच्याकडे गुलाबाच्या ताटव्याशिवाय फारसं काही नव्हतं. मला बोलावलं. "मॅडम, झाँसी की पहली चिप! शनिवार को लोकार्पण रखते हैं. माननीय जी से बात हो गई है." माननीय जी कोण ते सांगत नाही. आमच्याकडे ज्यांच्या गाडीच्या मागे आणखी दोन गाड्या असतात ते माननीय, एवढं कळलं तरी पुरे.

मी म्हटलं, सर, सोमवारनंतर ठेवा. मोजून झालं की काय हवं ते करा. तर म्हणे, माननीयांना शनिवारच मोकळा आहे. मी म्हटलं, रिकामी डबी ठेवते, कुणाला कळणार आहे? त्यावर साहेबांनी असा चेहरा केला जसा मी देव्हाऱ्यातला देव बदलायला सांगितला. "मॅडम, माननीय जी के सामने झूठ?" वर्षभर हा माणूस खोटे हजेरीपट पाठवतो, आणि सत्य त्याला आठवलं ते नेमकं तेव्हा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोवर साहेबांना पुढची कल्पना सुचलीसुद्धा. "हम अतिथि को शॉल देते हैं ना? चिप भी तो अतिथि है, विदेश से आई है. उस पर शॉल उढ़ाएँगे, माननीय जी शॉल हटाएँगे, वही अनावरण!"

मी त्यांना पॉलिएस्टर समजावून सांगितलं. कोरडी हवा समजावली. स्वेटर काढून दाखवायचा तेवढा बाकी ठेवला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "आप भावना नहीं समझतीं." आणि मग अगदी सहज, चहा ढवळता ढवळता, "थीसिस आगे भेजने में मेरे भी तो साइन लगते हैं ना, मॅडम?"

मी केबिनमधून बाहेर आले. मुलगी बाहेर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, एकच चिप देऊ, तीन लपवू. तेवढ्यात साहेबांनी आतून हाक मारली, "चारों लाइएगा! थाली भरी-भरी दिखनी चाहिए!" चार आल्यात हे त्यांना पार्सल सोडवणाऱ्या बाबूने सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "मॅडम, होने दीजिए. एक को मैं देख लूँगी."

शनिवारी कडाक्याची थंडी, कोरडं वारं. हॉलमध्ये भला मोठा फ्लेक्स, त्यावर इंटरनेटवरून उतरवलेली कुठल्यातरी परक्या चिपची छबी, तिच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला माननीय, दोघेही चिपहून मोठे. टेबलावर मखमल, मखमलीवर स्टीलची थाळी, थाळीत चिपा आणि वर टाकायला जांभळी, जरीकाठी, शंभर टक्के पॉलिएस्टर शाल. बाजूला मुलगी उभी, आईची सिल्कची साडी नेसून. मी म्हटलं, अगं सिल्क कशाला? तर म्हणाली, "पापा ने कहा, फोटो आएगा."

शाल टाकण्याआधी साहेबांनी थाळीत डोकावलं. "तीन ही हैं? चौथी?" थाळीत तीन चिपा होत्या आणि एक पितळी कुंकवाचा करंडा. मुलगी म्हणाली, "सर, चौथी करंडे में है. थाली में ही तो है. लक्ष्मी जी को भी बंद करके रखते हैं ना." साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी सूत्रसंचालकाला भाषणात घालायला सांगितलं. मला मात्र त्या क्षणी पोरीचा डाव कळला. चारी बाजूंनी धातू असला की बाहेरची ठिणगी आत शिरत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. पिढ्यान्‌पिढ्या हळदीकुंकवाला फिरलेला तो करंडा, आत घासूनपुसून फॉइल लावलेला, घट्ट झाकणाचा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. एरवी मी घेत नाही.

भाषणं झाली. माननीय म्हणाले, चिप हा बुंदेलखंडाच्या मातीचा गुण आहे. मग त्यांनी शाल दोन्ही हातांत धरली, फोटोग्राफरकडे बघितलं, आणि जादूगार रुमाल ओढतो तशी सर्रकन ओढली. चट्ट! माइक जवळ होता, म्हणून अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. आणि माननीय आनंदाने ओरडले, "लीजिए! चिप तो चालू भी हो गई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी. आमच्या डोळ्यांसमोर तीन चिपा मेल्या होत्या आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला त्या हॉलमधल्या प्रत्येकाला नावासकट शिव्या घालाव्याशा वाटल्या.

पण अजून संपलं नव्हतं. माननीय धार्मिक माणूस. थाळीत करंडा दिसला म्हटल्यावर चिपला कुंकू लावायला त्यांचं बोट आपोआप त्या झाकणाकडे गेलं. अंगात शालीची वीज भरलेली! मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझी पाचावर धारण बसली. आणि मुलीने दोन्ही तळव्यांनी तो करंडा दाबून धरला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "नाही उघडायचं! अजिबात नाही उघडायचं!"

मराठीत. पाच वर्षांत पहिल्यांदा.

माननीयांनी बोट तसंच हवेत धरून विचारलं, "क्या कह रही है बिटिया?" साहेबांचा चेहरा लालबुंद. मी पुढे झाले आणि म्हणाले, "कह रही है, हमारे मराठियों में लक्ष्मी का डिब्बा पहले घर की बड़ी औरत खोलती है." असला कुठलाही रिवाज आमच्यात नाही. मी तो तिथेच जन्माला घातला. माननीयांनी हात जोडले, म्हणाले, "वाह, क्या संस्कृति है." आणि मला एक शाल मिळाली.

सोमवारी यंत्र आलं. आम्ही दोघी चपला काढून, मनगटाला अर्थिंगची, म्हणजे अंगातली वीज जमिनीत सोडणारी, पट्टी बांधून बसलो. पहिली चिप लावली. नळ बंद असताना गळती नव्हती, धो धो नळच होता, आतला पडदा पार फाटलेला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मी यंत्रासमोर बसून रडले. दुःखाने नाही हो, संतापाने. एवढ्याशा जिवाला आम्ही साता समुद्रांपलीकडून आणलं, आणि सत्कार करून मारलं. मुलीने करंडा आधी लोखंडी टेबलाला टेकवला, मग झाकण उघडलं, चिमट्याने चौथी उचलली.

पडद्यावर रेघ उमटायला लागली. खाली, अगदी खाली, सपाट. कॉम्प्युटरने पाच वर्षं सांगितलेली तीच रेघ, पण आता खरी. मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. म्हणाली, "मॅडम, मैं पानी पी लूँ?" आणि व्हरांड्यात जाऊन नळाखाली तोंड धरून प्यायली, सिल्कची नाही, साध्या सलवार कमीजची बाही भिजवत.

मुदतीच्या आत प्रबंध गेला. त्यात जिवंत चिपचा आलेख होता आणि शेजारी तीन मेलेल्यांचे. तोंडी परीक्षेला परीक्षक त्या तिघींवरच अडकले. म्हणाले, या तिन्ही अगदी एकसारख्या कशा गेल्या? एवढा नेमका विजेचा झटका दिला कशाने? मुलगी माझ्याकडे बघेना. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. ती सरळ म्हणाली, "शॉल से, सर." परीक्षकांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते चष्मा काढून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाले, हे प्रबंधात लिहा, हे लोकांना कळलं पाहिजे.

कुणाला वाटेल साहेब ओशाळले. छे! ते ओशाळतील तर डायरेक्टर कसले? समितीपुढे त्यांनीच सांगितलं की आमच्या संस्थेत शालीच्या विजेवर मूलभूत संशोधन झालंय. समिती खूश. समितीतल्या एकाने विचारलं, मग त्यावर उपाय काय केलात? साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सर्कुलर निघालं की यापुढे कॉलेजच्या प्रत्येक समारंभात शाल देणाऱ्याने शाल देण्याआधी अर्थिंगला हात लावणं अनिवार्य राहील. व्यासपीठाच्या फरशीत, सत्कारमूर्ती उभी राहते तिथे, पितळी पट्टी बसवली, तिला जाड तार जोडली आणि पट्टीचं उद्घाटन केलं. चिपेतर पाहुण्यांना याची काहीच गरज नाही हे मी सांगितलं नाही. मी आता सांगणं सोडलंय.

पदवी मिळाल्यावर मुलीचा सत्कार ठरला. त्याच हॉलमध्ये, पुढच्या हिवाळ्यात, तसल्याच कोरड्या थंडीत. तिचे आईवडील दुसऱ्या रांगेत, वडील पुन्हा तसेच ताठ. मुलगी पुन्हा आईची सिल्कची साडी नेसून व्यासपीठावर पट्टीच्या अगदी मागे उभी राहिली. साहेब हातात शाल घेऊन, माननीयांकडे बघून हसत तिच्याजवळ आले आणि शाल तिच्या खांद्यावर टाकणार, इतक्यात ती अतिशय नम्रपणे, पण माइकला ऐकू जाईल इतपत म्हणाली, "सर, सर्कुलर."

साहेब थबकले. माननीय बघत होते. सर्कुलरवर सही त्यांचीच. बिचारे काय करणार? त्यांनी शाल छातीशी धरली, पोट सावरलं, आणि कष्टाने कमरेत वाकून तिच्या पायांशी असलेल्या पट्टीला हात लावला. त्याच क्षणी फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. हॉलमध्ये मागच्या बाजूला ज्यांना पट्टी दिसत नव्हती त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी इतकी हसले की माझा अंबाडा सुटला, आणि मग मला रडू आलं, ते मात्र संतापाचं नव्हतं.

साहेबांनी दुसरा फोटो काढायला लावला, पण पहिला तोवर अर्ध्या झाशीच्या मोबाइलवर पोचला होता.

परवा मी नगऱ्याला त्यांच्या घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर तो फोटो लावलाय, चांगला मोठा करून, सोनेरी चौकटीत. मुलगी सरळ उभी, आईच्या सिल्कच्या साडीत, आणि तिच्या पावलांशी वाकलेले डायरेक्टर. खाली कोनाड्यात तो करंडा. माझ्यासमोरच वडिलांचा वर्कशॉपातला जुना सोबती आला, फोटो बघून चाट पडला आणि म्हणाला, "भैया, साहब बिटिया के पैर छू रहे हैं?"

वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"अरे नहीं, अर्थिंग ले रहे हैं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत, "बाई, हिच्यापाशी आलं की सगळ्यांना घ्यावंच लागतं."